दोन नावांचा मुलगा

कऱ्हाडच्या सायन्स कॉलेजात भूशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांचे नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित. १९९४ साली मौज प्रकाशन गृहाने 'वनवास' हा कथासंग्रह काढला, त्यावर लेखकाचे नाव प्रकाश नारायण संत. माणूस एकच. मराठीत टोपणनावांची कमी नाही. पण टोपणनावात मूळ नावाचा एखादा तुकडा तरी शिल्लक असतो, नाहीतर ते उघडउघड रचलेले असते. इथे दोन्ही नावे तिहेरी, रीतसर, शाळेच्या हजेरीत शोभावीत अशी आहेत आणि त्यांतला एकही शब्द दुसऱ्याशी जुळत नाही. स्वतःचे नाव वेगळे, बापाचे वेगळे, आडनाव वेगळे.

उलगडा फार अवघड नाही. १६ जून १९३७ रोजी बेळगावात जन्मलेला हा मुलगा कवी नारायण माधव संत आणि कवयित्री इंदिरा संत यांचा. इंदिराबाई माहेरच्या दीक्षित. मुलगा आजोळी दत्तक गेला आणि दीक्षित झाला. म्हणजे आपण ज्याला टोपणनाव समजतो त्यातले 'नारायण' आणि 'संत' हे दोन शब्द जन्माने मिळालेले, आणि ज्याला खरे नाव समजतो ते संस्काराने लागलेले. कॉलेजच्या दप्तरात, गावात, घराण्यात तो दीक्षितच राहिला. पत्नीने सहजीवनावर लिहिलेल्या 'अमलताश'वरही लेखिकेचे नाव सुप्रिया दीक्षित असेच आहे. फक्त लंपनच्या गोष्टींपुरता तो संतांचा होतो.

लंपन हे त्या गोष्टींतल्या मुलाचे नाव. 'वनवास', 'शारदा संगीत' (१९९७), 'पंखा' (२००१) आणि लेखकाच्या मृत्यूनंतर निघालेले 'झुंबर' ही चार पुस्तके कागदोपत्री कथासंग्रह आहेत. वाचक मात्र ती एका कादंबरीसारखी वाचतो, कारण मुलगा तोच, आजी-आजोबा तेच, गाव तेच, आणि मुलगा हळूहळू मोठा होतो आहे. आईवडील आणि भावंडे दुसऱ्या गावी; हा आजी-आजोबांकडे. पहिल्या पुस्तकाचे नावच या व्यवस्थेला दिलेले आहे. रामाच्या गोष्टीतली एक गोष्ट त्यात आपसूक येते: ज्याला पाठवले त्याचा गुन्हा नाही, आणि ज्यांनी पाठवले त्यांना खलनायक म्हणता येत नाही.

या लेखात मला त्या मुलाच्या एकटेपणाचा कागदांवरून माग काढायचा आहे. त्यासाठी एक नियम पाळला आहे. कथेतला प्रसंग लेखकाच्या आयुष्यात घडला, असे कुठेही धरलेले नाही. कथेला भावनेपुरते साक्षीदार मानले आहे. तारीख, नाते, हद्द यांसाठी बाहेरचे पुरावे घेतले आहेत: पुस्तकांची शीर्षकपृष्ठे, दत्तकाचा कायदा, राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल, साहित्य संमेलनाचा ठराव, इंदिराबाईंच्या संग्रहांची साले. लंपनवर प्रेम करणारे वाचक हे फार सहज विसरतात. 'म्हणजे हे प्रकाश संतच ना' असे म्हणून मोकळे होतात. आयुष्य आणि कथा यांत जे अंतर आहे तेच खरे पाहण्यासारखे आहे, असे मला वाटते.

आधी दत्तकाचे पाहू. हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा १९५६ साली, वर्षाच्या अखेरीस आला. त्याआधीचे दत्तक धर्मशास्त्राने आणि न्यायालयांनी मान्य केलेल्या रूढींनी चालत. शास्त्राचा एक नियम असा की तिन्ही वरच्या वर्णांत मुलीचा किंवा बहिणीचा मुलगा दत्तक घेऊ नये. कारण मोठे चमत्कारिक: ज्या मुलाच्या आईशी दत्तक घेणाऱ्याचा विवाह होऊच शकला नसता, तो मुलगा त्याचा मुलगा कसा शोभेल? पण बेळगाव-धारवाडकडच्या मुलखात, ज्याला इंग्रजी अमदानीत दक्षिण मराठा मुलूख म्हणत, ब्राह्मण घरांत मुलीचा आणि बहिणीचा मुलगा सर्रास दत्तक घेतला जाई, आणि ही रूढी न्यायालयांनी ग्राह्य धरली होती. पुण्याच्या एखाद्या शास्त्र्याने जिथे नाक मुरडले असते तिथे बेळगावच्या वकिलाने नजीर काढून दाखवली असती. आजोळी दत्तक जाणे ही या भागाची चाल होती, एखाद्या कुटुंबाची लहर नव्हती. हे ध्यानात ठेवले पाहिजे, कारण लंपनला पाठवण्यामागे काहीतरी दडवलेले दुःखद कारण असावे, अशी शंका आजच्या वाचकाला येते. त्या काळी त्या घरांत अशी शंका कुणाला आली नसती.

दत्तकाचा परिणाम मात्र कडक असे. दत्तक मुलगा जन्मघराला कायद्याने संपलेला. गोत्र बदले, वारसा बदले, ज्याच्या नावाने पाणी सोडायचे तो बाप बदले. जन्म देणारी आई कायद्याच्या नजरेत आई उरत नसे. आणि आजोळीच दत्तक गेले की हे सगळे आणखी गुंतागुंतीचे होई, कारण 'जुने' घर आणि 'नवे' घर ही परकी नसतात. आई माहेरपणाला यायची ती याच घरी. मुलाने तिला काय समजायचे, हा प्रश्न कागदाने सोडवला होता; मुलाने तो कसा सोडवावा याची कुठेही तरतूद नव्हती.

कथेत संतांनी हा दत्तकविधानाचा प्रकार काढूनच टाकला आहे. लंपनच्या जगात होम नाही, दत्तकपत्र नाही, वारशाचा प्रश्न नाही. तो नुसता आजी-आजोबांकडे राहायला आहे. मला वाटते, हा लेखकाचा फार विचारपूर्वक केलेला निर्णय आहे. कायदा ठेवला असता तर गोष्ट इस्टेटीची झाली असती, आणि मराठीत इस्टेटीच्या गोष्टी भरपूर आहेत. कायदा काढून टाकल्यावर उरतो तो एवढाच प्रकार: मुलगा इथे आहे, आई तिथे आहे, आणि सगळेजण ही अगदी साधी गोष्ट असल्यासारखे वागताहेत.

आता गाव. लंपनचे गाव आज 'सीमाभागातले' म्हणून ओळखले जाते. प्रकाशकाच्या ओळखीपासून समीक्षेपर्यंत हा शब्द येतो, आणि २०२४ साली निपुण धर्माधिकारी यांनी दिग्दर्शित केलेली 'लंपन' ही मालिका आली तेव्हाही तो पुन्हा आला. पण लेखकाचे शाळकरी वय १९४० ते ५०च्या दशकातले. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यातला एक जिल्हा होता. पुणे जसे मुंबईत तसे बेळगाव मुंबईत. मराठी आणि कन्नड या दोन राज्यांमधली सीमा अस्तित्वातच नव्हती. गंमत अशी की दुसऱ्या सीमा मात्र होत्या आणि त्या अगदी घराजवळ होत्या. बेळगावला खेटून असलेले शहापूर हे सांगली संस्थानचे. बेळगावचा मुलगा कापड घ्यायला आईबरोबर शहापुरात गेला की तो ब्रिटिश हद्द ओलांडून पटवर्धनांच्या राज्यात शिरत असे. दक्षिणेकडची संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली तेव्हा ही हद्द पुसली. इंदिराबाईंचे तवंदी हे निपाणीजवळचे, आज पुणे-बंगळूर महामार्गावरच्या घाटामुळे माहीत असलेले गाव. तिथून कोल्हापूर संस्थान हाकेच्या अंतरावर. त्यांचे कॉलेजचे शिक्षणही कोल्हापूरला राजाराम कॉलेजात आणि पुढे पुण्याला फर्ग्युसनमध्ये झाले. तवंदीहून कोल्हापूर, कोल्हापूरहून पुणे, तिथून बेळगाव: या प्रवासात त्यांनी दोन राज्यकर्त्यांचा मुलूख तुडवला, आणि त्याची खंत किंवा अभिमान त्यांच्या कवितेत कुठे नाही. त्या पिढीच्या मध्यमवर्गीय माणसाला हद्द म्हणजे जकातनाका, यापलीकडे फारसे काही वाटत नसावे.

लंपनच्या मित्रांत कणबर्गी गंग्या आहे. कणबर्गी हे बेळगावच्या कुशीतले गाव, आता शहरातच सामावलेले. गावाचे नाव आडनाव म्हणून पुढे लावायचे आणि मग माणसाचे, ही तिकडची लकब. या पोराची ओळख लेखक भाषेवरून करून देत नाही. तो वर्गातला आहे, भिडू आहे, बस्स. १९९४च्या वाचकाला यात एक हरवलेला एकोपा दिसतो. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे: लेखकाने मुद्दाम एकोपा रंगवलेला नाही. १९९४ साली काय माहीत आहे ते विसरून, १९४७-४८ साली त्या वयाच्या मुलाला जेवढे माहीत असेल तेवढेच त्याने लिहिले. इतिहास लिहिणाऱ्यांना ही शिस्त क्वचित जमते.

आणि माहीत होण्यासारखे पुष्कळ घडत होते. मे १९४६मध्ये बेळगावात मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर. १२ मे रोजी तिथे संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, आणि सीमाप्रश्नाच्या प्रत्येक इतिहासात या तारखेला पहिले पान असते. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा व्हायला महिना कमी होता. कवी-कवयित्रीच्या घरात जन्मलेला, स्वतःच्या गावात साहित्यिकांची जत्रा भरलेली. लंपनच्या चार पुस्तकांत या मांडवाची चाहूल नाही. त्याच १९४६ साली ना. मा. संत वारले. इंदिराबाई तेव्हा बत्तीस वर्षांच्या.

हे दोन कागद शेजारी ठेवले की लंपनचा काळ उजळतो. एकाच गावात, एकाच वर्षी, एक सार्वजनिक आरंभ आणि एक खाजगी शेवट. पहिल्याचे वृत्तान्त, ठराव, भाषणे छापलेली आहेत. दुसऱ्याचा पुरावा विखुरलेला आहे. पती हयात असताना दोघांचा मिळून 'सहवास' हा संग्रह निघाला होता. पुढचा संग्रह 'शेला' १९५१ साली आला, इंदिराबाईंचा एकटीचा. मग 'मेंदी' (१९५५), 'मृगजळ' (१९५७), 'रंगबावरी' (१९६४) अशी रांग. चरितार्थ बेळगावच्या ट्रेनिंग कॉलेजातल्या अध्यापनावर. तिथेच त्या पुढे प्राचार्य झाल्या. मराठी समीक्षेने त्यांच्या या कवितेला विरहाची कविता म्हणून मान दिला, 'गर्भरेशीम'साठी १९८४चा साहित्य अकादेमी पुरस्कारही मिळाला. पण गेलेल्या पतीच्या आठवणीत झुरणारी ही बाई याच काळात एक मुलगा आजोळी देऊन बसलेली आई आहे, हे त्या चर्चेत जवळजवळ येत नाही. आईच्या कवितेत नवरा नाही म्हणून एकटेपण. मुलाच्या गोष्टीत आई नाही म्हणून. एका घराच्या दोन टोकांना बसून, चाळीसेक वर्षांच्या अंतराने, दोघांनी लिहिलेले हे दोन जबाब आहेत आणि ते एकत्र वाचले गेलेले नाहीत.

लंपनच्या कथामालिकेत वडिलांचा मृत्यू येतो, तो शेवटाकडे येतो. तोवर वाचक शेकडो पाने मुलाच्या खोड्या, गाणे, आजीचे स्वयंपाकघर, शेजारची सुमी, शाळा, आगगाडी यांत रमलेला असतो. आयुष्याच्या कालक्रमात हा मृत्यू नवव्या वर्षी आहे. कथेत तो लांबवला आहे, किंवा असे म्हणू की कथेतल्या मुलाला त्या मृत्यूपूर्वीची काही वर्षे जास्त दिली आहेत. लेखकाने तारखांशी केलेली एवढी एक ढवळाढवळ मला सगळ्यांत बोलकी वाटते. जे मूल वाढले ते बापाच्या मृत्यूनंतर वाढले. जे लिहिले गेले ते त्याआधी पुष्कळ वाढून घेते.

मग या मुलाचे एकटेपण दिसते कसे? तो एकटा बसून रडतो आहे, अशी चित्रे फार थोडी. तो माणसांच्या गराड्यात आहे. आजी भरभरून प्रेम करते. सुमीवर त्याचा जीव आहे, आणि कुमारवयातल्या पहिल्या ओढीचे इतके निर्मळ चित्रण मराठीत दुसरे चटकन आठवत नाही. एकटेपण दिसते ते त्याच्या बोलण्यात. त्याला प्रत्येक गोष्टीची गणती लागते, आणि ती हजारांत, विचित्र आकड्यांत, जणू मोजून घेतल्यासारखी असते. अमुक गोष्ट आपण किती वेळा केली, अमुक विचार किती वेळा आला. वाचक हसतो. पण मोजण्याची सवय कुणाला लागते? ज्याला दिवस मोजायचे असतात त्याला. दुसरे म्हणजे त्याचा तो 'मॅड' हा शब्द. आपण मॅड आहोत, हे तो इतक्या सहजपणे स्वतःबद्दल म्हणतो की त्यामागची शंका झाकली जाते: बाकीची मुले आपापल्या घरी असताना आपणच का इथे, आपल्यातच काही कमी आहे का? ही शंका तो उच्चारत नाही. कारण ती उच्चारली की आजीला लागेल. तिच्याच पदराखाली राहून तिचे पुरत नाही असे कसे म्हणणार? जिथे प्रेम आहे तिथले परकेपण सांगायला शब्द मिळत नाहीत. छळणारी सावत्र आई असती तर काम सोपे होते.

कुमारवयाच्या परकेपणाचे जगातले सगळ्यांत गाजलेले पुस्तक म्हणजे सॅलिंजरची १९५१ सालची 'द कॅचर इन द राय'. तिचा सोळा वर्षांचा होल्डन कोल्फील्ड शाळेतून काढून टाकलेला, न्यूयॉर्कभर भटकणारा, मोठ्या माणसांच्या ढोंगाला वैतागलेला. लंपनशी त्याचे वरकरणी काही जुळत नाही. लंपनचे मोठ्यांशी भांडण नाही, उलट तो त्यांना जपतो. पण दोघेही पहिल्या पुरुषी बोलतात, दोघेही एका लाडक्या शब्दाच्या आडोशाने बोलतात, दोघेही सतत विषयांतर करतात, आणि दोघांच्याही विषयांतरांच्या तळाशी घरातला एक मृत्यू आहे. होल्डनचा धाकटा भाऊ ॲली कादंबरीनुसार १८ जुलै १९४६ रोजी ल्युकेमियाने गेला. साल तेच. योगायोगाहून अधिक काही त्यात नाही, आणि असे योगायोग गोळा करणाऱ्यांपासून इतिहासकाराने चार हात लांब राहावे; तरी नोंदवल्यावाचून राहवत नाही.

आपल्याकडची तुलना करायची तर नेमाड्यांच्या १९६३च्या 'कोसला'शी करावी. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर गाव सोडून पुण्याला जातो आणि परका होतो. तो वाद घालतो, टिंगल करतो, सगळ्यांचा हिशेब मांडतो. लंपन गावातच आहे, आणि त्याचे परकेपण वाद घालत नाही. नेमाड्यांच्या नायकाला समाजाने परके केले असे वाचक म्हणू शकतो. लंपनला कुणी काही केलेले नाही. म्हणून 'कोसला'चे अनुकरण मराठीत पिढ्यान्‌पिढ्या झाले, लंपनचे होऊ शकले नाही. तसे करू पाहणारे नुसतेच गोड होतात.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्याआधी सप्टेंबर १९५५मध्ये आलेल्या राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालात हा जिल्हा टक्केवारीत मांडला आहे: चंदगड तालुक्यात मराठी भाषक ९२.४ टक्के, म्हणून तो मुंबईकडे, खानापुरात ५३.९ आणि शहरासह बेळगाव तालुक्यात ५१.४ टक्के, म्हणजे मराठीचे किंचित संख्याधिक्य, पण व्यापार-दळणवळण पाहता जिल्हा कर्नाटकाकडे. १७ जानेवारी १९५६ला याविरुद्धच्या निदर्शनांवर झालेल्या गोळीबारात लोक मेले. तो दिवस सीमाभागात हुतात्मा दिन म्हणून पाळतात, आणि १ नोव्हेंबर काळा दिवस म्हणून. बेळगाव म्हैसूरकडे गेले तेव्हा आपला मुलगा एकोणीस वर्षांचा, कॉलेजच्या वयाचा होता. पुढे तो कऱ्हाडला गेला, तिथेच नोकरी, संसार. आई बेळगावात राहिली. पुन्हा एकदा मुलगा एका मुलखात आणि आई दुसऱ्या, आणि या वेळी मध्ये खरोखरची सीमा.

'वनवास' आले तेव्हा बेळगाव दुसऱ्या राज्यात जाऊन अडतीस वर्षे झाली होती आणि लेखक सत्तावन्नचा होता. या उशिराची वाङ्मयीन कारणे अनेक सांगता येतील. मला एक साधे ऐतिहासिक कारण पुरेसे वाटते. त्या गावाबद्दल १९५६ ते १९८६ या काळात मराठीत काहीही लिहिले तरी ते सीमाप्रश्नाचे लेखन ठरले असते. सीमावादावर नेमलेला महाजन आयोग, सत्याग्रह, कन्नडसक्तीविरुद्धचे आंदोलन, यांच्या गदारोळात आजीच्या कुशीत झोपलेल्या मुलाचे दुःख कुणी निवांत ऐकले नसते, किंवा ऐकून लगेच त्याचा अर्थ लावला असता: आई म्हणजे महाराष्ट्र, वनवास म्हणजे कर्नाटक. आजही काही भाषणांत हा अर्थ लावतात. पुस्तकाच्या पानांतून त्याला आधार मिळत नाही. लंपनला आई हवी आहे, राज्य नको आहे.

याच गावाने याआधी आणखी एक एकटा मुलगा दिला होता. जी. ए. कुलकर्णी, जन्म १० जुलै १९२३, लंपनच्या लेखकाहून चौदा वर्षांनी मोठे. त्यांच्या मृत्यूनंतर १९८८ साली 'माणसे : अरभाट आणि चिल्लर' हे पुस्तक आले, त्यात बेळगावातले बालपण आहे. जी.एं.नी घरातले मृत्यू लहान वयात पाहिले आणि पुढे धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत, माणसांपासून दूर राहून, पत्रांतून मैत्र्या केल्या. ती पत्रे छापलेली आहेत आणि त्या माणसाचा तो उत्तम पुरावा आहे. त्यांच्या पुस्तकातले बेळगाव आणि लंपनचे बेळगाव यांत पंधराएक वर्षांचे अंतर. रस्ते तेच असावेत. पण जी.एं.च्या मुलाला माणसे दिसतात ती विक्षिप्त, आपापल्या नियतीत अडकलेली. तो त्यांच्याकडे पाहतो आणि मागे सरतो. लंपन पाहतो आणि पुढे जाऊन बोट धरतो. तरी ज्याने हात लांब ठेवले तो आणि ज्याने बोट घट्ट धरले तो, दोघांनाही एकच गोष्ट ठाऊक आहे: धरलेले बोट सुटते.

आता एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो गैरसोयीचा आहे. कागदांवर चालणाऱ्या इतिहासात एकटेपण कुणाचे दिसते? ज्याच्या घरी कवितासंग्रह छापले जातात, ज्याची आई कॉलेजात शिकवते, ज्याच्या दत्तकालाही शास्त्र आणि नजिरा लागतात, त्याचे. तवंदीचा घाट उतरून निपाणीत आलात की बिडीच्या तंबाखूच्या वखारी लागतात. तिथे लंपनच्या वयाच्या मुली आयांबरोबर तंबाखू चाळत होत्या. महाजन आयोगाने १९६७ साली ज्या २६४ गावांची महाराष्ट्रासाठी शिफारस केली त्यांत निपाणी होती; महाराष्ट्राची मागणी ८१४ गावांची आणि बेळगावची, त्यामुळे त्याला अहवाल अमान्य; तो अमलात आला नाही, निपाणी आहे तिथे राहिली, आणि २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. या सगळ्या कागदांत निपाणी म्हणजे लोकसंख्या आणि भाषेची टक्केवारी. १९८१च्या तंबाखू आंदोलनाच्या कागदांत ती शेतकरी आणि भाव. वखारीतली बाई दिसते ती फार थोड्या ठिकाणी: अनिल अवचटांच्या लेखनात, 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपटगटाने तिथल्या कामगार बायकांना बरोबर घेऊन केलेल्या १९८२च्या 'तंबाखू चाकीला ऊब आली' या माहितीपटात, आणि महादेव मोरे यांच्या कथा-कादंबऱ्यांत. मोरे निपाणीचेच. गाड्यांच्या धंद्यात राहिले, पिठाची गिरणी चालवली, आणि लिहिले ते ड्रायव्हर, मेकॅनिक, वखारीतल्या बाया यांच्यावर. २०२४ साली ते वारले तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी चार-चार परिच्छेद दिले.

मोऱ्यांच्या लेखनात पोर आहे, पण त्याला स्वतःत डोकावायला वेळ नाही. त्याचे बालपण कामाला जुंपून संपते. लंपनच्या एकटेपणाला दुपार लागते, रिकामी, आजीच्या घोरण्याच्या आवाजाची. ही दुपार ज्याला मिळाली नाही त्याला परकेपण वाटले नसेल, असे मी म्हणणार नाही. त्याचा पुरावा वेगळ्या कपाटात आहे एवढेच. जुन्या मुंबई इलाख्यातल्या मराठी शाळांत जनरल रजिस्टर असते: नाव, बापाचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल केल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडण्याचे कारण. एका मुलामागे एक ओळ. बेळगाव आणि निपाणीच्या जुन्या शाळांची १९४० ते १९६०ची रजिस्टरे कुणी शेजारी ठेवून वाचली, विशेषतः शेवटचा रकाना, तर लंपनच्या वर्गातली बाकीची मुले कुठे गेली, तेही लिहिता येईल.